अर्धी वीत

वर्तकनगरमध्ये म्हाडाच्या जुन्या घरात वाढलेल्या माणसाला जागेचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. भिंतीला टेकून उभी राहणारी घडीची खाट, कपाटावर चढवलेल्या पेट्या, दाराआड टांगलेल्या छत्र्या, खिडकीच्या कठड्यावरची तुळस. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि त्या जागेत मावेल तीच वस्तू घरात यायची. आता या भागातल्या कितीतरी इमारती पुनर्विकासात गेल्या. पोखरण रस्त्यावर १९२५ साली सुरू झालेल्या रेमंड मिलच्या आवारातही राहत्या घरांचे टॉवर उभे राहिले. घरं बदलली, पण नवी वस्तू घेताना आधी तिची रुंदी मोजायची सवय काही आमच्या हाडातून गेली नाही. कीबोर्ड घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र मी टेबलाच्या आधी स्वतःचा हात मोजला. त्या मोजण्यातून जे समजलं, ते रोज टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगावं असं मला वाटतं.

माझं काम भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं. सकाळचा पहिला चहा झाला की टेबलाशी बसायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत शब्दांतून मान वर काढायची नाही, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. खिडकीतून येऊरच्या डोंगराची एक कड दिसते. पावसाळ्यात ढग उतरले की ती पुसली जाते आणि सर ओसरली की आधीपेक्षा हिरवी होऊन पुन्हा दिसू लागते. खाली नाक्यावर टीएमटीची बस वळते, भाजीवाल्यांच्या हाका येतात, गुरुवारी साईबाबांच्या मंदिराकडे जाणाऱ्यांची वर्दळ वाढते. अशा ठिकाणी बसून दिवसभर मराठीत लिहायला मिळतं, हे मी भाग्य समजते. पण हे सगळं लिहिणं शेवटी दहा बोटांवर येऊन पडतं. बोटांमागे मनगट, मनगटामागे कोपर, कोपरामागे खांदा आणि खांद्यामागे मान. यातलं एक ठिकाण ताणलं गेलं की दुखणं भलत्याच ठिकाणी उमटतं. माझा उजवा खांदा संध्याकाळी दगडासारखा जड व्हायचा आणि मी त्याचा दोष उशीला देत होते.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या आसपासची किती तरी घरं रातोरात ऑफिसं झाली. वागळे इस्टेटला जाणारे, ऐरोलीला जाणारे, लोकलने दादर गाठून पुढे जाणारे, सगळे जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले. तेव्हापासून मानेचं, पाठीचं, मनगटाचं बोलणं जिन्यात, गच्चीवर, वाण्याच्या दुकानात ऐकू येऊ लागलं. लॅपटॉपची अडचण त्याच्या घडणीतच आहे. त्याचा पडदा आणि त्याची बटणं एकमेकांना जोडलेली. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणावा तर बटणं छातीशी येतात. बटणं कोपराच्या पातळीला ठेवावीत तर मान खाली झुकते. डोळे आणि हात यांना एकाच वेळी सुख द्यायचं तर दोघांची ताटातूट करणं भाग आहे. मी दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे रचून त्यांवर लॅपटॉप चढवला आणि हातांसाठी वेगळा कीबोर्ड लावला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली, मानेचा प्रश्न बराचसा सुटला. खांदा मात्र तसाच राहिला.

त्याचं कारण एका फिजिओथेरपिस्टने मला दोन मिनिटांत दाखवलं. खुर्चीत ताठ बसवून तिने माझं कोपर बरगडीला टेकवलं आणि म्हणाली, "आता कोपर न हलवता माउसला हात लावा." हात पोचेना. माउस त्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डच्याही पलीकडे होता. असा कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद असतो, कळा शंभराच्या वर. अक्षरांची बटणं डावीकडे, मध्ये बाणांचा पट्टा आणि उजव्या टोकाला आकड्यांचा चौकोन. मी तो चौकोन महिनोन्‌महिने वापरत नव्हते, पण दर काही मिनिटांनी हात त्याला वळसा घालून पलीकडे नेत होते. हात अंगापासून बाजूला धरून ठेवायचा तर खांद्याचे स्नायू सतत आवळलेले राहतात. वजन काहीच नसतं, पण विसावाही नसतो.

त्यात दुसरी एक मेख आहे. कीबोर्ड टेबलाच्या मधोमध ठेवला की आपल्याला तो नीट ठेवल्यासारखा वाटतो. पण दोन्ही हातांच्या मधली रेषा जिथून जाते ती 'जी' आणि 'एच'ची बटणं पूर्ण आकाराच्या कीबोर्डच्या मध्यावर नसतात, चांगली डावीकडे असतात. म्हणजे वस्तू मधोमध आणि माणूस तिरका. दिवसभर कंबर किंचित डावीकडे वळलेली आणि उजवा हात उजवीकडे ताणलेला. आकड्यांचा चौकोन आणि बाणांचा मोकळा पट्टा काढून टाकलेला छोटा कीबोर्ड ३१-३२ सेंटिमीटरचा असतो. फरक बारा-तेरा सेंटिमीटरचा, आपल्या घरगुती मापात अर्ध्या वितीचा. तेवढ्या अर्ध्या वितीने माउस आत येतो आणि कोपर बरगडीपाशी राहतं. टेबलावर जागा मोकळी होते हा वरचा फायदा. खरा लाभ हात अंगाजवळ आल्याचा.

मनगटाची गोष्ट याहून नाजूक आहे. मनगटात आठ छोटी हाडं आहेत, त्यांची एक कमान होते आणि त्या कमानीवर तळव्याच्या बाजूने एक घट्ट पट्टा ताणलेला असतो. या दोहोंमधल्या अरुंद वाटेतून बोटं मिटवणारे नऊ स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू जातो. सकाळच्या फास्ट लोकलच्या दाराशी जशी माणसं उभी असतात तशी ही दहा जणांची दाटी. मनगट सरळ असेल तर सगळे कसेबसे सामावतात. मनगट वर मुडपलं की वाट आणखी आवळते आणि सगळ्यात मऊ असलेला मज्जातंतू चेपला जातो. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात, रात्री झोपेतून जाग येते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तो केवळ टायपिंगनेच होतो असं नाही. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गर्भारपण यांतही तो दिसतो. म्हणून मुंग्या टिकून राहिल्या तर डॉक्टरांकडे जावं, नवा कीबोर्ड हे त्यावरचं औषध नव्हे. पण चांगल्या हातांना रोज वाकड्या मनगटाने राबवू नये, एवढं शहाणपण ही रचना पाहिल्यावर आपसूक येतं.

आमच्या मजल्यावरच्या काकू सरकारी कार्यालयातून टंकलेखिका म्हणून निवृत्त झाल्या. आयुष्यभर टाइपरायटर बडवला, पण हात अजून ठणठणीत. पुरणपोळी लाटायला बसल्या की आम्ही तरुण माणसं दमतो. एकदा त्या माझ्या टेबलाशी बसल्या. खुर्ची पुढे ओढली, पाय जमिनीला पूर्ण टेकवले, खांदे सोडले आणि मग हात उचलून बोटं कळांवर ठेवली. मनगटं हवेत होती. ती ना टेबलाला टेकली होती ना वर मुडपली होती. हाताच्या पाठीवरून पट्टी ठेवली असती तर कोपरापर्यंत सरळ बसली असती. "मनगट टेकलं की बोटांना ओढाताण होते, बाळा," त्या म्हणाल्या. "हात फिरू दे. बोटाने एकट्याने लांब जाऊ नये, सगळा हात त्याच्याबरोबर जावा." टाइपरायटरच्या कळांच्या रांगा जिन्यासारख्या चढत्या, तिथे मनगट टेकून काम होतच नसे. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डावा हात वर जाऊन दांडी ओढायचा, कागद एक ओळ सरकायचा. पान संपलं की कार्बनची चळत काढायची, नवे कागद लावायचे. यंत्र आडमुठं होतं, पण प्रत्येक ओळीला हाताला विश्रांती देत होतं. आमच्या संगणकावर ओळ आपोआप खाली उतरते, पान आपोआप बदलतं. ती घंटी गेली, म्हणून आता थांबायची आठवण आपली आपण ठेवायची. मी परिच्छेद संपला की हात मांडीवर ठेवते, बोटं उघडते-मिटते, येऊरकडे पाहते आणि मग पुढे जाते.

काकूंच्या हाताखालून गेलेली यंत्रं फार लांबून आलेली नव्हती. ठाण्याहून दक्षिणेला काही स्टेशनं गेलं की विक्रोळी येतं. तिथल्या गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर तयार केला. कचेऱ्या, न्यायालयं, कारखाने, गल्लीबोळांतले टायपिंग क्लास या सगळ्यांच्या आवाजात पुढे कित्येक वर्षं त्याच्याही कळा होत्या. देवनागरी टाइपरायटरची रीत वेगळी. पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. अर्धं अक्षर मारून त्याला काना जोडला की अक्षर पुरं व्हायचं. डोळ्यांना जसं दिसतं त्या क्रमाने हात चालायचा. पुढे संगणक आला तेव्हा जिभेला जसं उच्चारावं लागतं त्या क्रमाने लिहायची मांडणी निघाली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिपींसाठी जे काम सुरू झालं, त्यातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट मांडणी ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इतर भारतीय लिपींतही एका ध्वनीची जागा तीच. माझ्या गुजराती शेजाऱ्याचा 'क' आणि वरच्या मजल्यावरच्या तमिळ मावशींचा 'क' माझ्याच 'क'च्या बटणावर आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

छोटा कीबोर्ड निवडताना ही मांडणी सगळ्यात आधी डोळ्यांसमोर ठेवावी लागते, आणि नेमकं हेच कुठे सांगितलेलं आढळत नाही. कीबोर्डविषयीचा बहुतेक सल्ला इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी असतो. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मधल्या तीन रांगांत आटोपतात. मराठीचा पसारा मोठा. एक साधा प्रयोग करून पाहावा. 'वर्तकनगर' हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये लिहिताना शिफ्ट एकदाही लागत नाही: व, र, हलन्त, त, क, न, ग, र. डावा हात, उजवा हात असं बरंचसं आलटून पालटून, तालात चालतं. पण त्यापुढे 'ठाणे' लिहायला घेतलं की चित्र पालटतं. 'ठ' हा 'ट'च्या बटणावर शिफ्टसकट, आणि 'ट' आहे थेट एंटरच्या शेजारी, उजव्या करंगळीच्या टोकाशी. त्याच्या अलीकडे 'च'. वरच्या रांगेत 'ड' इंग्रजीच्या 'पी'च्याही पुढे, कंसाच्या बटणावर. 'डॉक्टर' किंवा 'ऑफिस' लिहायचं तर लागणारा अर्धचंद्र-काना एंटरच्या वर, उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. 'डोंबिवली' लिहिताना पहिलंच अक्षर या सीमाभागात. फार लहान, चाळीस टक्के म्हणून विकल्या जाणाऱ्या कीबोर्डांत हीच उजव्या काठाची बटणं कापलेली असतात. काही स्वस्त छोट्या कीबोर्डांत ती असतात, पण निम्म्या रुंदीची. इंग्रजीत अर्धविराम-कंसांची गैरसोय होईल. मराठीत 'चहा'चा 'च' आणि 'टेबला'चा 'ट' जातो.

दुसरी पारख उजव्या शिफ्टची. इन्स्क्रिप्टमध्ये मात्रा साध्या दाबाने उमटतात आणि स्वतंत्र स्वर शिफ्टने. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ ही सगळी मंडळी डाव्या हाताच्या बटणांवर. टायपिंगचा नियम असा की अक्षर डाव्या हाताचं तर शिफ्ट उजव्या करंगळीने धरायची. म्हणजे 'आई' लिहिताना उजवी शिफ्ट दोनदा, 'आणि'तल्या 'आ'साठी एकदा आणि 'ण'साठी पुन्हा एकदा. मराठी लिहिणाऱ्याची उजवी करंगळी इंग्रजीवाल्याच्या करंगळीपेक्षा कितीतरी जास्त राबते. छोट्या कीबोर्डात बाणांची बटणं बसवण्यासाठी नेमकी ही उजवी शिफ्ट आखूड केलेली असते आणि तिच्या पलीकडे वरचा बाण आणून बसवलेला असतो. शिफ्ट फारच आखूड असेल तर करंगळी चाचपडते किंवा वाकडी वळते, आणि दिवसभरात असं शेकडो वेळा होतं. म्हणून दुकानात मी प्रत्येक कीबोर्डवर डोळे मिटून 'आई', 'आणि', 'ऊन', 'इथे' असे शब्द लिहून पाहिले. करंगळी न शोधता शिफ्टवर पडली पाहिजे, एवढीच कसोटी. 'दुसऱ्या'मधला 'ऱ' आणि 'कळवा'मधला 'ळ' या दोघांसाठी मात्र डावी शिफ्ट लागते. 'ऱ' हा 'र'च्या बटणावर, 'ळ' हा 'ल'च्या. त्या बाजूला छोट्या कीबोर्डांतही सहसा काटछाट नसते.

या खरेदीसाठी मी लॅमिंग्टन रोडला गेले होते. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण संगणकाचं सामान घ्यायला निघालेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच निघतो. ठाण्याहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. अरुंद दुकानं, छतापर्यंत खोकी, काउंटरवर उघडे मांडलेले कीबोर्ड. दुकानदाराकडून मी एक स्टूल मागून घेतलं, कारण उभ्याने दाबून पाहिलेला कीबोर्ड मनगटाबद्दल काहीच सांगत नाही. तिथे आकारांची भाषा टक्क्यांत चालते. आकड्यांचा चौकोन तेवढा काढला की टेनकीलेस, ८७ कळांचा, ३६ सेंटिमीटरच्या आसपास. पंचाहत्तर टक्केवाला ८४ कळांचा, त्यात वरची एफची रांग आणि बाण सगळं एकमेकांना खेटून. पासष्ट टक्क्यांत एफची रांग जाते, बाण राहतात. साठ टक्क्यांत ६१ कळा, बाणही दुसऱ्या बटणासोबत दाबून मिळवायचे. हे सगळे आकार लहान असले तरी एका बाबतीत तडजोड नको: दोन शेजारच्या कळांच्या मध्यांतलं अंतर १९ मिलिमीटर असावं. हे माप पाऊण इंचाचं, वर्षानुवर्षं बोटांना सरावाचं झालेलं. कीबोर्डच्या कडा कापून तो छोटा केलेला चालतो, अक्षरंच आक्रसून छोटा केलेला चालत नाही.

मी ८४ कळांचा घेतला. मुद्रितशोधनात कर्सर ओळीच्या सुरुवातीला, शेवटाला, एकेक शब्द पुढे-मागे सारखा न्यावा लागतो. बाण आणि होम, एंड ही बटणं दोन-दोन कळा मिळून दाबायची म्हणजे बोटांना अकारण योगासनं. दुसऱ्या कुणाचं उत्तर वेगळं असेल. नौपाड्यातल्या एखाद्या सीएच्या कार्यालयात दिवसभर टॅलीत रकमा भरणाऱ्या मुलाला आकड्यांचा चौकोन हवाच; त्याचा हात त्या चौकोनावर न पाहता धावतो आणि ते कौशल्य आहे. त्याने आकड्यांचा वेगळा छोटा फलक घ्यावा आणि तो डावीकडे ठेवून पाहावा. माउस उजवीकडे जवळ राहतो. आणि ज्यांचे खांदे रुंद आहेत त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एकसंध कीबोर्डवर, छोट्यावरही, दोन्ही हात एकमेकांजवळ राहतात, मग मनगटं करंगळीच्या दिशेने बाहेर वळतात. अशा माणसाला मधून दुभंगलेला, दोन तुकड्यांत खांद्याच्या रुंदीवर ठेवता येणारा कीबोर्ड अधिक मानवतो. छोटेपणाने आपोआप आराम येत नाही. अंगाला बेतून घेतलेला छोटेपणाच आराम देतो.

आवाजाचा विचार लहान घरात टाळता येत नाही. बँकेच्या काउंटरवर किंवा तिकिटाच्या खिडकीवर टकटक वाजणारा टीव्हीएस गोल्ड हा मेकॅनिकल कीबोर्ड आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्यात कळांखालच्या निळ्या स्विचचा तो स्पष्ट खटका असतो, दाब लागल्याची पोचपावती कानाला मिळते. दिवसा कचेरीत तो छान. पण पलीकडच्या खाटेवर वडील झोपले असताना रात्री अकराला मजकूर पुरा करायचा असेल तर तो खटका घरभर होतो. मी लाल स्विच निवडले. त्यांना साधारण ४५ ग्रॅमचा दाब पुरतो, खटका नसतो. कळ चार मिलिमीटर खाली जाते, पण दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. म्हणजे तळापर्यंत आपटायची गरजच नाही. हे बोटांना शिकवायला थोडे दिवस जातात. काकूंनी पहिल्यांदा त्यावर टाइपरायटरचा ठोका दिला आणि 'न'च्या जागी तीन 'न' उमटले. मग त्यांनी बोटं हलकी केली, दोन ओळी लिहिल्या आणि वर पाहून म्हणाल्या, "हे तर नुसतं बोट ठेवल्यावर ऐकतं गं." त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी जपून ठेवला आहे. लोखंडाच्या दांड्या उचलण्यात ज्यांची सगळी नोकरी सरली, त्या हातांना इतकी आज्ञाधारक कळ मिळायला हवी होती.

कीबोर्ड कितीही चांगला घेतला तरी टेबल चुकीच्या उंचीचं असेल तर निम्मं काम वाया जातं. आपली टेबलं सहसा तीस इंच उंच, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास. माझ्यासारख्या बुटक्या बांध्याच्या बाईचं बसल्यावरचं कोपर त्याहून बरंच खाली राहतं, मग खांदे उचलून लिहावं लागतं. खुर्ची उंच करावी तर पाय लोंबकळतात आणि पायाखाली पाट घ्यावा लागतो. मी पाटावर काही दिवस काढले आणि मग गल्लीतल्या सुताराला बोलावून टेबलाचे पायच कापून घेतले. त्याने मला खुर्चीत बसवलं, हात कीबोर्डवर ठेवायला सांगितले, कोपराखाली फूटपट्टी धरली आणि टेबलाच्या पायावर पेन्सिलची खूण केली. कुठल्याही पुस्तकात न वाचता त्याला नेमकं माप कळलं होतं: कोपर जिथे, कळा तिथे. मेकॅनिकल कीबोर्ड मुळात जाड असतो, म्हणून त्याच्या मागचे पाय मी कधीच उघडत नाही; ते उघडले की मागची बाजू उचलते आणि मनगट आणखी वर मुडपतं. पुढे लाकडाची एक बुटकी पट्टी ठेवली आहे. लिहिताना हात तिच्यावर नसतो, थांबल्यावर तळवा तिच्यावर विसावतो.

जपानमधले प्राध्यापक एइची वादा यांच्या कल्पनेतून १९९६ मध्ये साठ कळांचा एक छोटा कीबोर्ड बाजारात आला, हॅपी हॅकिंग कीबोर्ड. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेतले घोडेस्वार वाळवंटात घोडा मेला तर त्याला तिथेच सोडत, पण खोगीर मात्र खांद्यावर टाकून चालत निघत, कारण खोगीर अंगाला सरावलेलं असतं. संगणक येतील आणि जातील, कीबोर्ड मात्र माणसाच्या हाताचा सोबती आहे. मला हे पटतं. आम्ही फोनवर हजारो रुपये सहज घालतो आणि रोज आठ तास ज्याला हात लागतो त्या वस्तूवर चारशे रुपये खर्चतानाही घासाघीस करतो. महागडाच घ्यावा असं माझं म्हणणं नाही. साधा, आवाज न करणारा, पूर्ण अंतराच्या कळांचा छोटा कीबोर्डही अंगाला बसला तर उत्तम. पण तो बसतो की नाही हे हाताला विचारून घ्यावं.

माझं एक मागणंही आहे. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर देवनागरी छापलेली मिळते, छोट्या कीबोर्डवर ती शोधून सापडत नाही. कळांच्या टोप्या काढता-घालता येतात, तेव्हा मराठी अक्षरांच्या टोप्यांचा संच बाजारात सहज मिळायला काय हरकत आहे? न पाहता लिहिणाऱ्याला छापलेल्या अक्षरांची गरज नसते हे खरं, पण नव्याने शिकणाऱ्याला ती असते. आज कितीतरी मुलं मराठी लिहायला इंग्रजी स्पेलिंगच्या आडवाटेने जातात, कारण समोर 'क' दिसतच नाही. अक्षर बोटाखाली दिसलं तर हात त्याच्याकडे जाईल.

खालच्या मजल्यावरची एक मुलगी सध्या लिपिक-टंकलेखक पदाच्या तयारीला लागली आहे. मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग हवा, इंग्रजी असेल तर ४०. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा आता संगणकावर होते. कुणी टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसवतं, कुणी इन्स्क्रिप्टवर. तिने मला विचारलं, "ताई, मीपण तुमच्यासारखा छोटा घेऊ का?" मी म्हटलं, आत्ता नको. परीक्षेच्या केंद्रावर पूर्ण आकाराचा असेल, सराव त्याच्यावरच कर. फक्त तो उजवीकडे सरकव, 'जी' आणि 'एच'ची बटणं नाकासमोर आण आणि माउस डाव्या हाताने वापरून बघ. मग मी तिला काकूंकडे घेऊन गेले. काकूंनी तिला खुर्चीत बसवलं, पाय टेकवायला लावले, मनगट दोन बोटांत धरून सरळ केलं आणि कोपर बरगडीशी आणलं. तिच्या क्लासमध्ये वेग, चुका आणि गुण यांचं सगळं शिकवलं होतं. हे कुणी दाखवलं नव्हतं. परीक्षा काही मिनिटांची असते, पण नोकरी तीस-पस्तीस वर्षांची, आणि ती याच हातांनी निभवायची असते. म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक टायपिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी, पहिलं अक्षर उमटण्याआधी, कोपर, मनगट आणि खुर्ची यांचा धडा झाला पाहिजे.